‘हे सुरू कधी होणार?’ डाउनटेम्पो अल्बम ऐकताना या चुका टाळा

कुणाला मॅसिव्ह अटॅक, बोर्ड्‌स ऑफ कॅनडा किंवा ब्रायन ईनोचा एखादा अल्बम ऐकायला सांगितला की दोन दिवसांत तक्रार येते. ‘आवाजच नीट येत नाही.’ ‘फाइल खराब आहे वाटतं.’ ‘छान आहे, पण झोप लागली.’ आणि सगळ्यात लाडकी तक्रार म्हणजे ‘हे सुरू कधी होणार?’ इतकी वर्षं हेच ऐकतोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन.

डाउनटेम्पो म्हणजे मिनिटाला शंभरच्या आसपास किंवा त्याहून कमी ठोक्यांचं, सावकाश चालणारं इलेक्ट्रॉनिक संगीत. त्याच्याच शेजारी अँबियंट, ज्यात बऱ्याचदा ठोका नसतोच. दोन्हीकडे गाण्यापेक्षा अल्बम मोठा. चाळीस ते पंच्याहत्तर मिनिटांचा एकच पदार्थ असतो, आणि लोक त्यातला एक चमचा उचलून चव नाही म्हणतात.

क्रम मोडणं

ही चूक मला सगळ्यात जास्त डाचते, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर.

ग्लोबल कम्युनिकेशन नावाच्या इंग्लिश जोडीचा, म्हणजे टॉम मिडलटन आणि मार्क प्रिचर्ड यांचा, १९९४ चा एक अल्बम आहे. त्याचं नाव ‘७६:१४’. अल्बमची लांबी हेच त्याचं नाव, आणि आतल्या दहा तुकड्यांचीही तीच तऱ्हा. पहिला ‘४:०२’, दुसरा ‘१४:३१’, शेवटचा ‘१२:१८’. शब्दांनी ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच चित्र भरायचं नाही, असा त्यामागचा विचार. सुंदर विचार आहे. पण गाडीच्या म्युझिक सिस्टमला विचार कळत नाही.

माझ्या भाच्याने हा अल्बम पेन ड्राइव्हवर घेतला आणि आम्ही पुण्याहून दिवेआगरला निघालो. ताम्हिणी लागल्यावर त्याने मोठ्या उत्साहाने लावला. आधी चोपन्न सेकंदांचं काहीतरी वाजलं आणि संपलं. मग एकदम असं काही लागलं की कुणीतरी निरोप घेतंय. मग घड्याळाची टिकटिक. ताई मागून म्हणाली, ‘बंद कर रे ते, आधीच वळणांनी मळमळतंय.’ भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘मामा, तू म्हणालास म्हणून घेतला. ह्याला शेंडा ना बुडखा.’

मी स्क्रीनकडे बघितलं आणि काय झालंय ते कळलं. फाइलच्या नावात कोलन चालत नाही, म्हणून नावं ‘० ५४’, ‘१२ १८’, ‘१४ ३१’, ‘४ ०२’ अशी झाली होती, आणि गाडीने ती नावाप्रमाणे लावून घेतली होती. त्यामुळे सहाव्या क्रमांकाचा तुकडा पहिला आला, समारोप दुसरा आला, सुरुवात चौथी. अल्बम पाचव्या मिनिटाला निरोप घेत होता आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला नमस्कार करत होता. एरवी नावांत अक्षरं असतात, त्यामुळे गोंधळ झाला तरी काही पत्ता लागत नाही. लोक वर्षानुवर्षं उलटसुलट अल्बम ऐकतात आणि ‘बरा आहे’ म्हणतात.

उपाय साधा आहे. प्रत्येक फाइलच्या नावाआधी दोन आकडी क्रमांक घाला: ०१, ०२, असं १० पर्यंत. नुसतं १, २ लिहिलंत तर बऱ्याच सिस्टम १ नंतर १० वाजवतात, हेही सांगून ठेवतो. काही गाड्या तर नाव बघतच नाहीत. फाइल ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. अशा गाडीसाठी मी पेन ड्राइव्ह रिकामा करतो आणि एकेक फाइल हाताने, क्रमाने कॉपी करतो. दहा फाइलींना दोन मिनिटं लागतात. ‘कुणाला वेळ आहे एवढा’ म्हणणाऱ्यांना शहात्तर मिनिटांचा अल्बम ऐकायला वेळ कुठून मिळणार, हा माझा प्रश्न आहे.

शफल चालू ठेवून हे संगीत ऐकणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही.

फोनवर ऐकणाऱ्यांसाठी आणखी दोन सेटिंगं. क्रॉसफेड बंद करा. एक गाणं मावळताना दुसरं त्यावर चढवायची ही सोय लग्नाच्या हॉलमध्ये ठीक आहे. इथे तुकडा विरत जातो तो शेवटचा अर्धा मिनिट मुद्दाम ठेवलेला असतो. आणि अल्बम संपल्यावर ‘याच्यासारखं आणखी’ आपोआप वाजवणारा ऑटोप्लेसुद्धा बंद करा. जुन्या एमपी३ फाइलींमध्ये मागेपुढे किंचित रिकामी जागा राहते, त्यामुळे सलग जाणाऱ्या अल्बममध्ये दर गाण्याच्या सांध्यावर उचकी लागते. द केएलएफ या ब्रिटिश जोडीचा १९९० चा ‘चिल आउट’ म्हणजे टेक्सासहून लुइझियानापर्यंत रात्रीचा एक सलग प्रवास आहे, चव्वेचाळीस मिनिटांचा. मेंढ्या, आगगाड्या, रेडिओवरची कुजबुज, सगळं एकमेकांत मिसळलेलं. त्यात उचकी लागली की रस्त्यात खड्डा आल्यासारखं होतं. अशा अल्बमसाठी फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवणारी) फाइल घ्या, नाहीतर सलग वाजवणारा प्लेअर वापरा.

फोनच्या स्पीकरवरून निकाल देणं

मॅसिव्ह अटॅकचा ‘मेझनाइन’ १९९८ चा. ब्रिस्टलच्या या मंडळींनी पहिलंच गाणं, ‘एंजल’, बेसवर उभं केलंय. सुरुवातीला खालून एक जाड, दबका नाद येत राहतो आणि वर ड्रमचे बारीक टोले. जमैकाचा गायक होरेस अँडी याचा आवाज बऱ्याच वेळाने येतो, आणि गिटार फुटतात त्याच्याही नंतर. तो सगळा ताण त्या खालच्या नादाने धरलेला असतो.

फोनचा स्पीकर तेवढ्या खाली उतरतच नाही. इवलासा पडदा तो, हवा ढकलून ढकलून किती ढकलणार? मग उरतं काय, तर टिक टिक टिक. ऐकणारा म्हणतो, ‘मिनिट झालं, नुसतं टिकटिक.’ बरोबर आहे त्याचं, त्याच्या फोनमध्ये गाणं पोचलेलंच नाही.

यावर लोक जो तोडगा काढतात तो दुखण्यापेक्षा वाईट. गणपतीत कामाला येणारा, रंगीत दिवे पेटणारा पार्टी स्पीकर आणतात आणि बेस बूस्ट पुरा वर करतात. आता खालचा नाद एवढा फुगतो की आवाज, गिटार, सगळं चादरीखाली. शिवाय शेजारच्या काकू दार वाजवतात ते वेगळंच.

मी काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. इक्वलायझर सपाट. ‘रॉक’, ‘पॉप’, ‘थ्रीडी’ काही नाही. साधे वायरचे हेडफोन, कानावर पूर्ण बसणारे. महागडे नकोत. स्पीकर असतील तर दोन, आणि आपण दोघांच्या मधे. एकच ब्लूटूथ स्पीकर म्हणजे डावं-उजवं एकत्र कालवलेलं, आणि या संगीतात अर्धी गंमत आवाज कुठून येतो यातच असते. आणि पंखा. मे महिन्यात पाचवर फिरणारा पंखा हळू विरणारा प्रत्येक सूर गिळतो. दोनवर आणा, किंवा सोसायटीची पाण्याची मोटर सुरू व्हायच्या आधी, पहाटे ऐका. मी पहाटेच ऐकतो.

‘फाइल खराब आहे’

नाही, खराब नाही. पोर्टिसहेड या इंग्लिश बँडच्या ‘डमी’मध्ये (१९९४) जुन्या तबकडीसारखी खरखर आहे. यांनी स्वतः वाजवलेलं संगीत आधी तबकडीवर उतरवलं आणि मग तिथून त्याचे तुकडे उचलून गाण्यात वापरले, म्हणजे सॅम्पल केले. एवढा खटाटोप करून मिळवलेली खरखर एका सद्‌गृहस्थांनी सॉफ्टवेअरने पुसून काढली आणि ‘आता ऐक, किती स्वच्छ’ म्हणून मला पाठवली. ऐकली. फिनाइलने पुसलेल्या फरशीसारखी स्वच्छ होती.

बोर्ड्‌स ऑफ कॅनडा म्हणजे स्कॉटलंडमधले दोघे भाऊ. नाव घेतलं कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डावरून, ज्यांच्या माहितीपटांवर ते लहानपणी पोसले. त्यांच्या ‘म्युझिक हॅज द राइट टू चिल्ड्रन’मध्ये (१९९८) सूर हलतात, किंचित खाली-वर होतात, टेप उन्हात राहिल्यासारखे. हे ऐकून लोक ब्लूटूथ तोडून पुन्हा जोडतात, इअरबड पुसतात, फोन रीस्टार्ट करतात. काही करू नका. सूर हलणारच आहेत.

त्यांचाच ‘जिओगाडी’, २००२ चा. यातला शेवटचा ‘मॅजिक विंडो’ पूर्ण शांत आहे. पावणेदोन मिनिटं काहीही नाही, आणि ते धरून अल्बम बरोबर सहासष्ट मिनिटं सहा सेकंदांचा होतो. ‘शेवटची फाइल डाउनलोडच झाली नाही’ असं सांगणाऱ्यांनी आधी लांबी बघावी.

खरंच बिघाड आहे का हे ओळखायची माझी पद्धत अशी: तीच जागा दोनदा वाजवायची. दोन्ही वेळा त्याच ठिकाणी तसंच झालं तर शक्यतो ते कलाकाराने केलेलं आहे, किंवा फार तर फाइल दुसरीकडून घेऊन पडताळून बघा. जागा बदलली तर ब्लूटूथ, नेटवर्क किंवा हेडफोनची पिन.

आवाज चढवणं, आणि ईनोच्या नावावर काहीही खपवणं

ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकाराची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, आणि अर्धवट ऐकलेली असते. १९७५ च्या सुरुवातीला अपघात होऊन तो अंथरुणाला खिळला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्प या तंतुवाद्याची, अठराव्या शतकातल्या संगीताची तबकडी आणली होती. ती गेल्यावर त्याने कशीबशी लावली आणि आडवा झाला, तेव्हा लक्षात आलं की आवाज फारच कमी आहे आणि स्टिरिओची एक बाजू बंद आहे. उठून नीट करायचं त्राण नव्हतं. बाहेर पाऊस पडत होता. तसंच ऐकता ऐकता त्याला संगीत खोलीतल्या उजेडासारखं, पावसासारखं ऐकू यायला लागलं. त्याच वर्षी ‘डिस्क्रीट म्युझिक’ आलं. ते कमी आवाजात ऐका, मधूनमधून ऐकूही येईनासं झालं तरी चालेल, असं त्याने त्याच्या वेष्टणावरच लिहिलंय. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’.

आता या गोष्टीचा आधार घेऊन लोक एक इअरबड कानात, दुसरा डबीत, अशा अवस्थेत सगळंच ऐकतात. वर मला सांगतात, ‘ईनोनेही असंच ऐकलं होतं.’ अहो, त्याला उठता येत नव्हतं. तुम्हाला येतंय.

आणि उलट टोकाचे लोक हळू आवाज आला की व्हॉल्यूम पूर्ण चढवतात. ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’चा पहिला तुकडा सतरा मिनिटांच्या आसपास आहे. पियानोचे मोजके सूर, वेगवेगळ्या लांबीच्या टेपांवर फिरत राहणारे, त्यामुळे दर फेरीत एकमेकांना निराळ्या जागी भेटणारे. हे मोठ्या आवाजात ऐकलं की डोकं दुखतं, बाकी काही होत नाही. यात कुकरची शिट्टी मिसळली तरी बिघडत नाही, मिसळावी म्हणूनच ते आहे. ‘मेझनाइन’चं तसं नाही. तिथे दार लावा. सगळ्या सावकाश संगीताला एकच नियम लावायचा, हाही एक आळसच.

बाकीच्या, थोडक्यात

झोपताना लावून पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचं आणि सकाळी ‘अल्बम ऐकला’ म्हणायचं. झोपेसाठीच केलेलं हवं असेल तर माक्स रिश्टरचं आठ तासांचं ‘स्लीप’ आहे, २०१५ चं. ते लावा आणि खुशाल झोपा.

‘अभ्यासासाठी शांत संगीत’ छापाच्या प्लेलिस्टमधला एक तुकडा आवडला म्हणून पूर्ण अल्बम तसाच असेल असं धरून चालायचं. नसतो.

दीडपट वेगाने ऐकायचं. असे लोक आहेत. मी भेटलोय.

नशेशिवाय हे कळत नाही, असं छातीठोक सांगायचं. असं सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी अल्बमचं नाव विचारा.

आणि तो ‘सुरू कधी होणार’वाला प्रश्न. सवाई गंधर्वला तासन्‌तास बैठक मारणारी माणसं, आलाप चालू असताना ‘तबला कधी येणार’ असं न विचारणारी, इथे मात्र तिसऱ्या मिनिटाला पुढे ढकलायला लागतात. ठोका आला म्हणजे सुरू झालं, ही समजूत सिनेमाच्या गाण्यांनी लावलेली. माझा नियम असा की पहिल्या ऐकण्यात फोन उपडा ठेवायचा. किती मिनिटं झाली हे दिसलं नाही की निम्मी घाई तिथेच जाते. अल्बम आवडला नाही तर नाही आवडला, त्यात काही पाप नाही. पण पूर्ण ऐकून नावडू द्या.

शेवटची चूक माझ्यासारख्या सांगणाऱ्यांसाठी. नवख्याला पहिल्याच दिवशी ब्रिटिश संगीतकार एफेक्स ट्विनचं ‘सिलेक्टेड अँबियंट वर्क्स व्हॉल्यूम टू’ (१९९४) देणारे महाभाग आहेत. सुमारे अडीच तास, एक सोडता कुठल्याच तुकड्याला नाव नाही, नावांच्या जागी छायाचित्रं, आणि ठोका बहुतेक ठिकाणी शोधून सापडत नाही. थोर अल्बम आहे, पण तो पहिला द्यायचा नसतो. मी फ्रेंच जोडी एअरचा ‘मून सफारी’ देतो. १९९८ चा, पाऊण तासाच्या आत संपतो, चाली गुणगुणता येतात आणि तो साध्या हेडफोनवरही छान वाजतो. तो आवडला तर मग ‘मेझनाइन’, रात्री, दार लावून. एफेक्स ट्विन सहा महिन्यांनी.