मुलाखतीचा शर्ट अंगावर नको, पिशवीत न्या

पदवीच्या परीक्षा आटोपून मुलेमुली नोकरीच्या शोधात घराबाहेर पडतात, नेमका तेव्हाच जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांना टेकलेला असतो. चोपडा, यावल किंवा पारोळ्याहून एसटीने निघालेला उमेदवार जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचेपर्यंत त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली असते आणि उघड्या खिडकीतून आलेल्या धुळीची करडी रेघ कॉलरच्या आतल्या बाजूस उमटलेली असते. मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूने मी अनेक वर्षे बसलो आहे. हुशार मुले केवळ ओल्या शर्टाच्या संकोचाने हात अंगाशी घट्ट धरून उत्तरे देऊ लागली, की जीव तुटतो. म्हणून माझी पहिली सूचना हीच, की मुलाखतीचा शर्ट घालून प्रवास करू नये, तो पिशवीतून न्यावा.

आदल्या रात्री शर्ट किंचित दमट असतानाच त्याला इस्तरी करावी आणि हँगरवर तो पूर्ण गार होऊ द्यावा, कारण गरम कापडाची घडी घातली की तिचीच सुरकुती होऊन बसते. घडी घालताना कॉलरच्या आत गुंडाळलेला रुमाल ठेवला म्हणजे कॉलर दबत नाही. ठरलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी पोहोचून तोंड, मान आणि हात धुवावेत, ओल्या पंचाने बगला पुसाव्यात आणि दहा-पंधरा मिनिटे सावलीत स्वस्थ बसावे. घाम थांबल्याखेरीज शर्ट बदलू नये, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात जाते.

कापड सुती असावे, कारण पॉलिस्टर घाम शोषून घेत नाही. फिक्या आकाशी आणि राखाडी रंगावर ओल्या जागा लगेच गडद दिसतात; पांढऱ्या किंवा गडद निळ्या रंगावर त्या तितक्या उठून दिसत नाहीत. आत बाह्यांची बनियन घालावी, कारण बिनबाह्यांची बनियन बगलेतला घाम टिपत नाही.

नवे महागडे कपडे घेण्याची गरज नाही, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. मात्र मोठ्या भावाचा किंवा मित्राचा शर्ट घालताना खांद्याची शिवण स्वतःच्या खांद्याच्या हाडावर येते का आणि कॉलरचे बटण लावल्यावर आत दोन बोटे जातात का, हे पाहावे. शिवण दंडावर उतरत असेल, तर तो शर्ट परत करावा. कंबर आणि पँटची उंची गावातला शिंपी थोड्या पैशांत बेतून देतो, खांदा मात्र सहजासहजी दुरुस्त होत नाही.

बूट आणि पट्टा एकाच रंगाचे असावेत, मोजे गडद आणि पोटरीपर्यंत येणारे असावेत. वर्षभर माळ्यावर पडलेल्या बुटाचा तळ ऐन वेळी सुटतो, म्हणून दोन दिवस आधी तो पायात घालून चालून पाहावे. केस तीन-चार दिवस आधी कापावेत. दाढी ठेवायची असल्यास ती नीट कातरलेली असावी. नखांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, पण कागद पुढे करताना समोरच्याला पहिल्यांदा तीच दिसतात.

मुलींनी साडीच नेसली पाहिजे असे नाही. ज्या वेशात रोज सहज वावरता येते, तो सुती सलवार-कुर्ता उत्तम. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी बसवावी, म्हणजे बोलताना हात तिच्यात अडकत नाहीत.

त्या सकाळी भरीत-भाकरी आणि कच्चा कांदा टाळावा. आपल्याला तो प्रिय असला तरी बंद खोलीत त्याचा वास तासभर रेंगाळतो. शेवभाजीचा तेलकट थेंब पांढऱ्या शर्टावर पडला, तर हळदीचा डाग साबणाने लाल होतो. अत्तराचा मारा करून काही झाकले जात नाही, आंघोळ आणि धुतलेली बनियन पुरते.

नोकरी कारखान्यातली असेल, तर नियम बदलतात. पाइपांच्या कारखान्यात किंवा डाळमिलमध्ये फिरत्या यंत्राजवळ लोंबती ओढणी, सैल बाही, कडे आणि अंगठी धोक्याची असते, तर खाद्यपदार्थांच्या कारखान्यात नखांचा रंग आणि मोकळे केस चालत नाहीत. कित्येकदा मुलाखत संपल्यावर उमेदवाराला लगोलग आत नेऊन यंत्रे दाखवतात. तेव्हा सँडल घातलेल्याला फाटकाशीच थांबावे लागते, म्हणून कारखान्याच्या मुलाखतीला बंद बूटच घालून जावे.