खडकांतील खनिजे ओळखताना या चुका टाळा

नागपूर जिल्ह्यात पश्चिमेकडे काळा बेसॉल्ट, कामठीकडे वालुकाश्म आणि रामटेक-मनसरकडे रूपांतरित खडक आढळतात. खडकांचे तिन्ही मुख्य प्रकार असे जवळजवळ असूनही, नमुने गोळा करणारे विद्यार्थी बहुधा रंगावरून आधी खडकाचे नाव ठरवतात आणि मग पुस्तकात दिलेली खनिजे त्यात शोधू लागतात. बहुतेक चुकांचे मूळ या उलट्या क्रमातच असते.

सर्वाधिक फसगत बेसॉल्टच्या बाबतीत होते. पोकळीत पांढरे स्फटिक चमकताना दिसले की ‘खडकात क्वार्ट्झ भरपूर’ अशी नोंद होते. वास्तविक लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या या पोकळ्यांत पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून झिओलाइट, कॅल्साइट किंवा कॅल्सेडोनी साचलेले असते; मूळ बेसॉल्ट हा मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार व ऑजाइट यांचा बनलेला असून, त्याचे कण इतके बारीक असतात की साध्या भिंगातून ते सहसा वेगळे दिसत नाहीत. म्हणून पोकळीतील खनिजांची नोंद नेहमी स्वतंत्र करावी.

ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) यांत क्वार्ट्झ, फेल्डस्पार व अभ्रक सारखेच असू शकतात. तेथे खनिजांच्या यादीपेक्षा पट्ट्यांची रचना पाहावी.

पांढऱ्या दगडाला सरसकट संगमरवर म्हणणे ही दुसरी मोठी चूक होय. मोह्स मापनक्रमावर क्वार्ट्झची कठिनता ७ असल्यामुळे क्वार्ट्झाइटवर (क्वार्ट्झच्या रूपांतरित खडकावर) चाकूचा ओरखडा उठत नाही, तर कॅल्साइटची ३ असल्यामुळे संगमरवरावर तो सहज उठतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर कॅल्साइट लगेच फसफसते. डोलोमाइट या कॅल्साइटसारख्या दिसणाऱ्या खनिजाची मात्र आधी पूड करावी लागते, आणि ती न करताच ‘अभिक्रिया नाही’ असे लिहिले जाते. उलट, वालुकाश्म फसफसला म्हणून तो चुनखडक ठरत नाही, कारण वाळूचे कण जोडणारे द्रव्य कॅल्साइटचे असू शकते. आम्ल वापरताना हातमोजे व चष्मा हवाच.

हवामानाने झिजलेला पृष्ठभाग पाहून निर्णय तर कधीच घेऊ नये. मनसर भागातील गोंडाइट हा खडक, ज्याला भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गोंड लोकांवरून नाव दिले, स्पेसार्टाइन गार्नेट व क्वार्ट्झ यांचा असतो. पण त्यावर मँगॅनीज ऑक्साइडचा काळा थर चढला की तो मँगॅनीजच्या धातुकाचाच (कच्च्या धातूचाच) तुकडा वाटतो. हातोडीने ताजा पृष्ठभाग उघडल्यावर भिंगाखाली गार्नेटचे पिवळट-तपकिरी गोलसर कण स्पष्ट दिसतात.