'चार्ज' हा एकच इंग्रजी शब्द नीट कसा शिकावा

इंग्रजी शाळेचं तोंड न पाहिलेला माणूसही आपल्याकडे दिवसभरात कितीदा तरी 'चार्ज' म्हणतो. अमळनेरात आजी नातवाला सांगते, "मोबाइल चार्जिंगले लाव." जळगावच्या बँकेत खातेदार विचारतो, हा कसला चार्ज कापला? धुळ्यात नवे साहेब चार्ज घेतात, पेपरात लाठीचार्जची बातमी येते, भुसावळला तिकिटावर सुपरफास्ट चार्ज लागतो आणि कोर्टाच्या आवारात कोणीतरी चार्जशीटची नक्कल मागत असतं. बोलताना कोणीच अडत नाही. हाच शब्द इंग्रजी वाक्यात समोर आला की मात्र शिकलेली मुलंही थांबतात, कारण डिक्शनरीत त्याच्याखाली अर्थांची लांबलचक रांग असते.

ती रांग पाठ करू नका. पाठ केलेले अर्थ परीक्षेपुरते टिकतात. त्यापेक्षा पुढे सांगतो त्या क्रमाने जा.

आधी गाडी भरा

लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे मालाची गाडी. त्यावरून 'कारिकारे' म्हणजे गाडीत माल भरणं. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला आणि 'चार्ज' झाला. 'कार' आणि 'कार्गो' याच घराण्यातले. सावदा-रावेरकडे केळीची गाडी भरताना पाहिली असेल, तर मूळ अर्थ तुमच्या डोळ्यांसमोरच आहे: कशावर तरी, कोणावर तरी भार चढवणं.

आता मराठीकडे बघा. अधिकारी चार्ज घेतो त्याला आपण पदभार किंवा कार्यभार म्हणतो. इन्चार्ज म्हणजे प्रभारी. सरचार्ज म्हणजे अधिभार. विज्ञानाच्या पुस्तकातला इलेक्ट्रिक चार्ज म्हणजे विद्युतप्रभार. सगळीकडे 'भार' आहे. हे प्रतिशब्द ज्यांनी घडवले त्यांनी शब्दाची नस बरोबर पकडली होती, आणि मराठी माणसाला हा शब्द इतरांपेक्षा लवकर कळायला हवा असं मला वाटतं ते त्यामुळेच.

म्हणून 'चार्ज' दिसला की दोनच प्रश्न विचारा. भार कशाचा? आणि तो कोणावर? पैशाचा असेल तर आकार (म्हणजे आकारलेले पैसे), कामाचा असेल तर जबाबदारी, गुन्ह्याचा असेल तर आरोप, विजेचा असेल तर चार्जिंग.

पैशाचा भार

सगळ्यात जास्त भेटणारा अर्थ हाच. पण इंग्रजीत दर प्रकारच्या पैशाला 'चार्ज' म्हणत नाहीत. दुकानातल्या वस्तूची किंमत ती 'प्राइस'. एसटीचं भाडं 'फेअर', घराचं भाडं 'रेंट', शाळेची, डॉक्टरची, वकिलाची 'फी', दंड तो 'फाइन'. 'चार्ज' मुख्यतः सेवेचा: घरपोच आणून दिलं, दुरुस्ती केली, गोदामात माल ठेवला. साडी घेताना "व्हॉट इज द चार्ज ऑफ धिस सारी" विचारलं तर ऐकणारा गोंधळेल. तिथे "हाउ मच इज धिस" पुरे. प्लंबरला मात्र "हाउ मच डू यू चार्ज?" अगदी बरोबर.

आपल्या मुलांची सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच आहे. मराठीत आपण म्हणतो, "त्याने माझ्याकडून पन्नास रुपये घेतले." तो 'कडून' डोक्यात घेऊन वाक्य होतं, "ही चार्ज्ड फिफ्टी रुपीज फ्रॉम मी." इथे 'फ्रॉम' नको. ज्याच्यावर भार टाकला तो माणूस क्रियापदाला चिकटून येतो: "ही चार्ज्ड मी फिफ्टी रुपीज." कशासाठी ते सांगायचं तर शेवटी 'फॉर': "ही चार्ज्ड मी फिफ्टी रुपीज फॉर द रिपेअर." हे एक वाक्य तोंडात बसवून घ्या. रुपयांचा आकडा, माणूस आणि काम बदलत त्याच साच्यात पुन्हा पुन्हा बोला.

काहीच घेतलं नाही तर "फ्री ऑफ चार्ज". "विदाउट चार्ज" आणि "ॲट नो चार्ज" हेही चालतात.

बँकेच्या पासबुकात हा शब्द तुटक अक्षरांत छापलेला असतो, म्हणून अनेकजण ती ओळच सोडून देतात. सोडू नका. धुळे, नंदुरबार, जळगाव ही महानगरं नसल्यामुळे इथे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवरही महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात. त्यापुढच्या प्रत्येक व्यवहाराला रिझर्व्ह बँकेने १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये, अधिक कर, घ्यायची मुभा दिली आहे. पासबुकात अशी ओळ दिसली की काउंटरवर विचारा, "व्हॉट इज धिस चार्ज फॉर?" 'फॉर' विसरू नका, कारण उत्तर त्याच शब्दाला मिळतं.

हॉटेलच्या बिलातला 'सर्व्हिस चार्ज' हा वेगळा विषय. आपल्याकडच्या भरीत-पुरीच्या, शेवभाजीच्या हॉटेलात ही ओळ सहसा नसते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलात दिसू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हा चार्ज हॉटेलने आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. कोणी लावलाच तर शांतपणे म्हणा, "प्लीज रिमूव्ह द सर्व्हिस चार्ज." ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

लाइट बिल समोर घेऊन बसा

'चार्ज' शिकायला घरातलं लाइट बिल फार चांगलं. त्यात तो मराठी रूपात छापलेला असतो आणि तिथे त्याचं नाव आहे 'आकार'. स्थिर आकार म्हणजे फिक्स्ड चार्ज. घराला महिनाभर कुलूप असलं, एकही युनिट जळलं नाही, तरी हा लागतो, कारण तो जोडणी असण्याचा भार आहे. वीज आकार म्हणजे एनर्जी चार्ज, जेवढे युनिट तेवढा. वहन आकार म्हणजे व्हीलिंग चार्ज: वीज तारांतून तुमच्या घरापर्यंत वाहून आणल्याचे पैसे, तेही युनिटप्रमाणे. इंधन समायोजन आकार वीज विकत घेण्याच्या खर्चाप्रमाणे महिन्या-महिन्याला बदलतो.

त्याखाली 'वीज शुल्क' असेल. ते चार्ज नाही, ती 'ड्यूटी'. चार्ज वीज कंपनीचा, ड्यूटी सरकारची. हा फरक बिलावर बोट ठेवून घरातल्या मुलांना दाखवा. पुस्तकातल्या धड्यापेक्षा तो जास्त लक्षात राहील, आणि बिल वाढलं की नेमकी कोणती ओळ वाढली हेही त्यांना सांगता येईल.

सातबाऱ्यावरचा बोजा

शेतकऱ्याच्या घरात या शब्दाचा सगळ्यात जड अर्थ असतो, आणि तो बहुतेक इंग्रजीच्या वर्गात कोणी शिकवत नाही. पीककर्ज घेतलं, ठिबकसाठी किंवा विहिरीसाठी कर्ज काढलं की सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा चढतो. इंग्रजी कर्ज-कागदात या बोजाला 'चार्ज' म्हणतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मध्ये त्याची व्याख्या आहे, आणि १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातही सोसायटीच्या कर्जाचा जमिनीवरचा चार्ज सांगितलेला आहे.

म्हणून कर्जाच्या कागदावर "द बँक शॅल हॅव अ चार्ज ऑन द लँड" असं वाक्य दिसलं, तर बँक जमिनीसाठी काही फी मागते आहे असं समजू नका. त्याचा अर्थ, कर्ज फिटेपर्यंत जमिनीवर बँकेचा बोजा राहील. ओळखायची खूण 'ऑन'. पैशाच्या आकाराला 'फॉर', बोजाला 'ऑन'.

आणि कर्ज फिटल्यावर काम संपलं असं धरू नका. बोजा आपोआप उतरेलच याची खात्री नसते. बँकेकडून बेबाकी दाखला घ्या आणि बोजा कमी करण्याच्या फेरफारासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे पूर्वीचे तलाठी) अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीतून तो ऑनलाइनही करता येतो. नंतर नवा उतारा काढून तो रकाना स्वतः वाचा. जुना बोजा तसाच राहिला की पुढचं कर्ज किंवा वाटणी-विक्री करताना अडचण येते, आणि ऐन हंगामात चकरा मारायची वेळ येते.

कामाचा भार

"आय ॲम इन चार्ज ऑफ द गोडाऊन" म्हणजे गोदाम माझ्या ताब्यात आहे, जबाबदारी माझी. "द गोडाऊन इज इन माय चार्ज" हेही तेच. पण "इन चार्ज ऑफ" आणि "इन द चार्ज ऑफ" यांत सांभाळा. "शी इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन" म्हणजे मुलं ती सांभाळते. "द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ अ नर्स" म्हणजे मुलं नर्सच्या हवाली आहेत. मधल्या एका छोट्या 'द'ने सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची जागा बदलते.

चार्ज घेणं म्हणजे "टेक चार्ज", सोपवणं म्हणजे "हँड ओव्हर चार्ज". आपल्या ऑफिसांत 'इन्चार्ज' हे नामासारखं वापरतात, "मी इथला इन्चार्ज आहे." इथे ते रूढ आहे, पण परदेशी कंपनीला पत्र लिहिताना "द पर्सन इन चार्ज" लिहावं.

गुन्ह्याचा भार

इंग्रजी बातमी वाचताना हा भाग नीट समजून घ्या, कारण इथे चुकलं तर एखाद्याची विनाकारण बदनामी होते. आधी गुन्हा दाखल होतो. तपास संपल्यावर पोलीस कोर्टात चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र, देतात. मग न्यायाधीश ते पाहून 'चार्ज फ्रेम' करतात, त्याला आरोप निश्चिती म्हणतात. त्यानंतर साक्षीपुरावे होतात आणि शेवटी निकाल लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी हा क्रम तोच आहे. म्हणजे "ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट" वाचलं तर त्याच्यावर चोरीचा आरोप आहे एवढंच. चोरी सिद्ध झाली तर 'कन्व्हिक्टेड' लिहितील. इथे खूण 'विथ'. 'अक्यूज्ड' असेल तर मात्र 'ऑफ'.

हल्ल्याच्या अर्थाला जास्त वेळ नको. लाठीचार्ज सर्वांना माहीत आहे, तो भारतीय इंग्रजीतला शब्द आहे. बैल अंगावर धावून आला तर "द बुल चार्ज्ड ॲट मी". खूण 'ॲट'.

विजेचा भार

मोबाइलच्या बाबतीत आपण मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेतो. "चार्जिंग संपली" याचं "माय चार्जिंग इज फिनिश्ड" होत नाही. बॅटरी कमी असेल तर "माय बॅटरी इज लो", फोन बंदच पडला तर "माय फोन इज डेड". चार्जिंगला लावायचं असेल तर "आय नीड टू चार्ज माय फोन". लावलेला आहे, "इट इज चार्जिंग". भरला, "इट इज फुली चार्ज्ड".

उच्चाराचं एक लक्षात ठेवा. यातला च 'चार'चा आणि ज 'जीव'चा. 'चाक' आणि 'जहाज' यांतले च-ज इथे नाहीत.

मागे-पुढे जोडलेली अक्षरं

भार हा अर्थ पक्का झाला की उरलेले शब्द आपोआप उलगडतात. 'डिस्चार्ज' म्हणजे भार उतरवणं. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो तो हाच. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की तापीत किती क्युसेकचा 'डिस्चार्ज' आहे ते जाहीर होतं, मराठीत त्याला विसर्ग म्हणतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. कोर्टातही डिस्चार्ज आहे: आरोप निश्चित होण्याआधीच पुरेसा आधार नाही म्हणून सुटका झाली तर 'डिस्चार्ज', खटला चालून निर्दोष ठरला तर 'ॲक्विटल'.

'रिचार्ज' म्हणजे पुन्हा भरणं. मोबाइलचा रिचार्ज सगळेच करतात, पण खान्देशासाठी त्याहून मोठा रिचार्ज जमिनीखालच्या पाण्याचा. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून आणि त्यांवर बंधारे घालून जे काम उभं केलं, ते ग्राउंडवॉटर रिचार्ज, म्हणजे भूजल पुनर्भरण. केळीच्या पट्ट्यात विहिरी खोल गेल्या आहेत. तिथे तापी मेगा रिचार्ज योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. रावेर-यावलच्या मुलांना हा शब्द मोबाइलपेक्षा पाण्यावरून शिकवावा असं माझं ठाम मत आहे.

'सरचार्ज' म्हणजे भारावर भार. रेल्वे ताशी सरासरी ५५ किलोमीटर किंवा जास्त वेगाने धावणाऱ्या गाड्यांना सुपरफास्ट धरते, आणि त्यांच्या मूळ भाड्यावर जादा पैसे लावते. ते याच जातीचे.

सराव असा करा

घरातले तीन कागद एकत्र घ्या: लाइट बिल, पासबुक, सातबारा. शेती नसेल तर सातबाऱ्याऐवजी रेल्वेचं तिकीट चालेल. जिथे जिथे चार्ज, आकार, बोजा किंवा भार दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि प्रत्येकाचं एक इंग्रजी वाक्य बनवा. वाक्य मोठ्याने बोला. बोलताना फॉर, ऑन, विथ, ॲट, इन यांपैकी जो शब्द अडखळेल, त्याच्याच तीन-चार वाक्यांचा सराव दुसऱ्या दिवशी करा. डिक्शनरी तेव्हा उघडा, आणि अर्थांच्या आधी त्याखाली दिलेली उदाहरणं वाचा.