क्लच स्लिप: केबलपासून प्लेटपर्यंत

मोटरसायकलचं इंजिन रेस होतं, आवाज चढतो, पण गाडी ओढत नाही. ही तक्रार ऐकली की शिकाऊ मेकॅनिक लगेच कव्हरचे बोल्ट सोडायला घेतो. आधी गाडी चालवून बघा. वरच्या गिअरमध्ये, मध्यम वेगात, शक्यतो चढावर, एकदम थ्रॉटल द्या. आरपीएम उडी मारून वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. खालच्या गिअरमध्ये हा दोष बऱ्याचदा लपून राहतो.

मग केबल. लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिमी फ्री प्ले, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधीची मोकळी हालचाल, हवा. प्लेट झिजल्या की केबल ढिली पडते असा बऱ्याच जणांचा समज असतो, प्रत्यक्षात उलटं घडतं. प्लेटचा थर पातळ होतो, त्या दाबून धरणारी प्रेशर प्लेट आत सरकते आणि तिला ढकलणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, मागे येऊन फ्री प्ले खाऊन टाकतो. तो शून्यावर आला की केबलच क्लच कायम थोडा दाबून धरते. अशा वेळी केबल आणखी ताणली, तर उरलेल्या प्लेटही जळतात.

ऑइलचा डबाही बघून घ्या. ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच फिरणाऱ्या क्लचला जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए2 दर्जाचं ऑइल लागतं. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने चांगल्या प्लेटही घसरतात.

हे दोन्ही ठीक असेल तरच उघडा. इंजिन थंड हवं. क्लच उजवीकडे असेल आणि गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली असेल, तर ऑइल फारसं सांडत नाही. तरी जळलेल्या प्लेटचा भुगा त्यात असतो, म्हणून ते बदलाच. कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या त्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात घुसला की केसिंग फुटतं. कव्हर चिकटलं असेल तर प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोका, फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका. त्या चऱ्यातून पुढे ऑइल गळत राहतं.

स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत सोडा. प्लेट निघतील त्याच क्रमाने मांडा. काही लहान गाड्यांत मधला नट काढल्याशिवाय प्लेट निघत नाहीत, त्याला खास पाना लागतो. फ्रिक्शन प्लेट (घर्षणाचं अस्तर असलेली) व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी मोजा. नवी साधारण 3 मिमीच्या आसपास असते आणि थोड्याच झिजेवर निकामी ठरते; नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. स्टील प्लेट वाकली आहे का बघायला ती जाड काचेवर ठेवून कडेने फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. निळसर डाग म्हणजे ती तापलेली आहे. वाकलेली प्लेट परत वापरली तर क्लच नीट सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही. स्प्रिंगची मोकळी लांबी मोजा. एक बसली असेल तरी सगळा संच बदला. हाउसिंगच्या, म्हणजे प्लेट बसतात त्या बाहेरच्या डब्याच्या, बोटांवर खाचा पडल्या असतील तर क्लच अडकतो, झटके देतो. त्यात नव्या प्लेटचा काही उपयोग नाही.

नव्या फ्रिक्शन प्लेट काही तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या लावल्या तर सुरुवातीलाच जळू शकतात. बहुतेक गाड्यांत सुरुवात आणि शेवट फ्रिक्शन प्लेटनेच होतो, मध्ये एकाआड एक स्टील. शेवटच्या प्लेटचे कान कधी कधी वेगळ्या खाचेत बसतात, म्हणून काढतानाच फोटो घ्या. प्रेशर प्लेट हाताने दाबून तिचे दाते सेंटरमध्ये (मधल्या दातेरी भागात) बसल्याची खात्री झाली, की मगच बोल्ट लावा. इथे टॉर्क रेंच लागतोच. 6 मिमीच्या बोल्टना साधारण 10 न्यूटन मीटर पुरतो; त्याहून जोर लावला की ॲल्युमिनियमचा खांब तुटतो आणि अख्खं सेंटर बदलावं लागतं.

पुशरॉड डावीकडून येत असेल, तर कव्हर लावण्याआधी लिव्हर दाबून प्रेशर प्लेट सगळीकडून सारखी उचलते का बघा. नंतर कव्हर नेमकं बसवणाऱ्या डॉवेल पिन जागेवर, पॅकिंग नवं. नव्या प्लेटचा थर जाड असतो, म्हणून केबलचे ॲडजस्टर पूर्ण ढिले करून फ्री प्ले पहिल्यापासून लावा. थोडी गाडी चालवून, इंजिन थंड झाल्यावर तो पुन्हा तपासा. प्लेट बसल्यावर थोडा फरक पडू शकतो.