हॉलमध्ये छान वाजलं, मग रेकॉर्डिंग असं का? लाइव्ह रेकॉर्डिंगमधल्या या चुका टाळा

सुरुवातीच्या दिवसांतली एक रात्र अजून आठवते. छोटा हॉल, पाच जणांचा बँड, कार्यक्रम सुरेख रंगला. मी मिक्सरच्या मेन आउटमधूनच, म्हणजे हॉलच्या स्पीकरकडे जाणाऱ्या आउटपुटमधूनच, रेकॉर्डरला सिग्नल दिला होता. घरी येऊन ऐकलं तर गायिका अगदी कानाशी, कीबोर्ड स्पष्ट, ड्रम मात्र शेजारच्या खोलीत वाजल्यासारखे आणि गिटार जवळजवळ गायब.

बिघाड कशातच नव्हता. छोट्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचा अ‍ॅम्प मुळातच इतके मोठे वाजतात की ते स्पीकरमधून फारसे द्यावे लागत नाहीत. हॉलमध्ये जे कमी पडतं, तेवढीच भर मेन आउटमधून जाते. पूर्ण गाणं तिथे नसतंच. म्हणून शक्य असेल तर प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक घ्या, तोही फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) आणि इक्यू (सुराची जाडी-धार बदलणारी बटणं) यांच्या आधीचा. दोनच ट्रॅक मिळत असतील, तर एका ऑक्सवर (मिक्सरच्या जादा आउटपुटवर) रेकॉर्डिंगसाठी स्वतंत्र मिक्स बनवा, ते कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर ऐका आणि हॉलमध्ये दोन माइक लावा.

हे हॉलचे माइक मंचापासून २० मीटर मागे असतील, तर आवाज तिथे सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो, कारण हवेत त्याचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर आहे. मिक्स करताना ते ट्रॅक तेवढे आधी सरकवा. नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो.

दुसरी चूक गेनची, म्हणजे माइकचा सिग्नल आत येताना किती वाढवायचा याची. साउंड चेकला गायक गळा राखून गातो. समोर श्रोते आले की तोच कितीतरी मोठ्याने गातो. मी पूर्वी मीटर जवळजवळ वरपर्यंत भरायचो, आणि शेवटच्या गाण्यातल्या सगळ्यात उत्कट जागा फाटलेल्या मिळायच्या. ते फार जिव्हारी लागायचं, कारण तो क्षण पुन्हा येत नाही. २४ बिटमध्ये जागा भरपूर असते, एका बिटमागे जवळपास ६ डेसिबल. चेकच्या वेळी पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, मीटरवर उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा (शून्यावर आवाज फाटतो). कार्यक्रमात ते उणे १० पर्यंत चढलं तरी काही बिघडत नाही. प्रीअ‍ॅम्प (हा गेन देणारा भाग) हॉलच्या मिक्सरशी सामायिक असेल, तर तिथल्या इंजिनिअरशी आधीच बोला: त्याने मध्येच गेन हलवला की तुमचाही ट्रॅक हलतो.

घुंऽऽ असा सलग आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा अर्थिंगचा लूप झालेला असतो, म्हणजे जोडलेली उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थ झालेली असतात. प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका, जिवावर बेतेल. डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडायच्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण वापरा किंवा सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) सगळीकडे एकच ठेवा. ४८ किलोहर्ट्झची फाइल ४४.१ ने वाजली तर गाणं संथ होतं आणि जवळपास दीड सेमीटोन (कीबोर्डवरच्या लागून असलेल्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक) खाली उतरतं.

डिस्कचा हिशेबही आधीच करा. ३२ ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे तासाला साधारण १६.६ जीबी. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर एक फाइल ४ जीबीपुढे जात नाही. ३२ चॅनेलची एकच फाइल पंधरा-सोळा मिनिटांत तिथे पोचते. रेकॉर्डर आपोआप फाइल तोडून पुढची सुरू करतो का, हे घरीच एक पूर्ण तास चालवून बघा.

आणि कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळायला घेण्याआधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी लावा. ती झाली की मूळ डिस्क मी खिशातच ठेवतो.