टेकडीवरचं रोप पहिले दोन उन्हाळे कसं काढतं

पुण्यात वर्षाला सरासरी ७०० ते ७५० मिमी पाऊस पडतो. आकडा झाडांना पुरेसा आहे, अडचण उघडिपीची. जूनच्या पहिल्या सरींना भुलून लावलेलं रोप पुढच्या दोन-तीन कोरड्या आठवड्यांत मुरमावर वाळून जातं. म्हणून तारीख बघून लावू नका. खड्ड्यात हात घाला, वीतभर खोल माती ओली लागली तरच लावा.

खड्डे मात्र मेमध्येच तयार हवेत (वनखात्याची जमीन असेल तर आधी परवानगी), लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी ४५ सेंमी. मध्येच कातळ लागला तर हातभर बाजूला सरका. कातळात कोरलेल्या वाटीत पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा अर्धचंद्र बांध घाला.

पिशवी उभी चिरून तळाशी बघा. मुळांचं वेटोळं दिसलं तर ते कापून टाका, नाहीतर झाड चार-पाच वर्षांनी वाऱ्यात उन्मळतं. पुरुषभर उंच रोपं घेण्याचा मोह आवरा. दोन फुटी रोप लवकर रुजतं.

धावडा, खैर, पळस, मेडशिंग, बहावा, आपटा हे इथले गडी. मोईला तर रोपच लागत नाही. पावसाआधी निष्पर्ण असताना मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटी फांदी कापा, दोन दिवस सावलीत ठेवा आणि एक तृतीयांश जमिनीत गाडा. जिथे मूळचा गवताळ माळच आहे, तिथे दाट झाडी लावणं म्हणजे पुनर्वसन नव्हे.

गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे बाहेरून आणून लावलेलं झाड, पण त्याचं रान एकदम साफ करू नका. पट्ट्यापट्ट्याने विरळ करा, कोवळ्या रोपांना तेवढीच सावली मिळते. बुंधा पुन्हा फुटतो, तेव्हा फुटवे दर वर्षी छाटावे लागतात.

खरा घात वणव्याचा. गवत पिवळं पडलं की, डिसेंबरपर्यंत, लागवडीभोवती तीन मीटर पट्टा कापून गवत बाहेर न्या. तिथेच जाळू नका. रोपाभोवती मीटरभर जागेतलं उभं गवतही काढा. आच्छादनाला पालापाचोळा आणि दगड चालतात, दगड जास्त बरे.

फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी दहा लिटर पाणी सावकाश द्या. रोज तांब्याभर ओतलं तर मुळं वरच राहतात. एप्रिलमध्ये रोप निष्पर्ण दिसलं म्हणून उपटू नका. खोडावर नख ओढा, आत हिरवं असेल तर ते जिवंत आहे.