थंडीत सायकलने कामावर जायचं तर कपडे कसे घालायचे (बाकीचं थोडक्यात)

नोव्हेंबर लागला की ओळखीतले दोन-चार जण तरी विचारतात, आता थंडीत सायकल बंद का? बंद कशाला, नाशिकमध्ये सायकल चालवायला याच्यापेक्षा चांगले महिने नाहीत. मी पंचवटीतून सातपूर एमआयडीसीत जातो, फर्स्ट शिफ्ट सातची म्हणजे सव्वासहाला घर सोडायचं, आणि जानेवारीत सूर्यच सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे जवळपास सगळा रस्ता अंधारात आणि दिवसातल्या सगळ्यात गार वेळेला. हेल्मेट आहे, ब्रेक नीट आहेत, पंक्चरचं सामान सोबत आहे हे धरून चालतो.

आधी सायकलचं उरकतो. थंडीत टायरमधली हवा आकसते, दुपारी 30 अंशात 60 पीएसआय भरली असेल तर पहाटे 10 अंशाला ती 55 च्या आसपास येते. म्हणून आठवड्यातून एकदा सकाळीच गेज लावून बघा, अंगठ्याने दाबून काही कळत नाही. चेनला खोबरेल तेल लावू नका, कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी नको. ते 24 अंशाच्या खाली थिजायला लागतं, घरातली बाटली आपण थंडीत उन्हात ठेवतोच की, मग तेच तेल चेनवर कसं चालेल? त्याचा थर होतो, त्यात धूळ बसते आणि पेडल जड जातं. सायकलच्या दुकानातून चेनचं ऑइल आणा, प्रत्येक कडीला एक थेंब, जास्तीचं फडक्याने पुसून टाका.

लाइट पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही चार्ज केलेले. सॅक किंवा जॅकेटने मागचा लाइट झाकला जात नाही ना ते एकदा मागे उभं राहून कुणाला तरी बघायला सांगा. आणि निफाडच्या बाजूने येणार असाल तर उसाच्या ट्रॉल्यांपासून लांब राहा, हंगाम चालू असतो आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे साधा रिफ्लेक्टरही नसतो.

आता कपडे. बहुतेक लोक थंडीत सायकल सोडतात ती इथेच चुकल्यामुळे, मीही सोडणार होतो.

पहिल्या हिवाळ्यात मी इनर, त्यावर फुल स्वेटर, वरून जाड जॅकेट, माकडटोपी आणि मफलर असं सगळं घालून निघायचो. घरच्यांचंही समाधान. होळकर पूल ओलांडेपर्यंत झकास वाटायचं, पण रविवार कारंजाच्या चढाला पाठीवर घामाचा ओघळ सुरू व्हायचा आणि त्र्यंबक नाक्यापर्यंत बनियन पिळून काढण्याइतकी ओली. तरी पेडल चालू असेपर्यंत कळत नाही. गेटवर सायकल लावली की पाच मिनिटांत अशी हुडहुडी भरायची की कार्ड पंच करताना हात थरथरायचा, आणि ती गार बनियन जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाठीला चिकटलेली. सगळ्यांचा सल्ला एकच, अजून एक स्वेटर घाल. मी घातला, आणि अजून जास्त भिजलो.

सर्दी विषाणूने होते हे मान्य, पण गारठून जायला ओलं कापड आणि वारा एवढं पुरतं. सायकलवर वारा आपण स्वतःच तयार करतो, हवा 10 अंश असली तरी 20 च्या स्पीडला अंगाला 7 अंशासारखी लागते. स्वेटरमधून हा वारा आरपार जातो आणि जाड जॅकेट घाम बाहेर जाऊ देत नाही, म्हणजे दोन्ही एकत्र घालून काहीच साधत नाही.

म्हणून माझा नियम एकच, बिल्डिंगच्या गेटपाशी थंडी वाजलीच पाहिजे. तिथे उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त आहे, परत जा आणि काढून ठेवा. पहिली दहा मिनिटं सोसायची, नंतर अंग स्वतः तापतं.

अंगालगत कॉटनची बनियन अजिबात नको, कॉटन घाम धरून ठेवतं. क्रिकेट खेळणारी पोरं घालतात तसला पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला. वर पातळ विंडचीटर, समोरून पूर्ण चेनवाला. पारा 8 च्या खाली गेला तरच मध्ये हाफ स्वेटर. आणि छातीवर कालचा पेपर. खरंच, दोन मोठी पानं, चार घड्या, गळ्यापासून पोटापर्यंत, टी-शर्ट आणि विंडचीटरच्या मध्ये. आजचा ताजा पेपर नको, शाई टी-शर्टला लागते. पुलावर नदीवरून जो गार झोत येतो तो बरोबर छातीवर बसतो आणि तो कागद अडवतो. मायको सर्कलला एक मिनिट थांबून मी तो काढून सॅकमध्ये टाकतो, तेव्हा तो दमट लागतो, तेवढा घाम त्याने टिपलेला असतो.

विंडचीटरची चेन चढ सुरू व्हायच्या आधी चार बोटं खाली ओढा. घाम आल्यावर ओढलीत तर उशीर झाला, आता वारा ओल्या अंगावर बसणार. ही सवय लागायला मला महिना लागला.

बोटं पेडल मारत नाहीत, त्यामुळे ती शेवटपर्यंत गारच राहतात. नुसते लोकरीचे ग्लोव्हज उपयोगाचे नाहीत, वारा आत शिरतो आणि ब्रेकवरून बोट घसरतं. बाइकवाल्यांचे पातळ ग्लोव्हज घ्या आणि पार्किंगमध्ये चार वेळा ब्रेक दाबून बघूनच रस्त्यावर जा. माकडटोपीवर हेल्मेट बसत नाही, कानांना पातळ कापडी पट्टी पुरते. मफलर घालायचाच असेल तर टोकं आत खोचून.

पोचल्यावर लगेच चहाकडे पळू नका. आधी ओला टी-शर्ट काढायचा, नॅपकिनने पाठ कोरडी करायची, कोरडी बनियन घालायची (ही कॉटनची चालेल), मग चहा. ती बनियन रात्रीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅकमध्ये ठेवायची, सकाळी अंधारात विसरते. ओला टी-शर्ट लॉकरमध्ये कोंबू नका, कुठेतरी वाऱ्यावर अडकवा. साडेतीनला सुटताना चांगलं ऊन असतं, तोपर्यंत तो वाळतो आणि परत येताना तेवढाच पुरतो.